आपलाच माणूस आहे, मग लिहून काय घ्यायचं?
भागीदारीच्या धंद्यातला विश्वास आणि हिशेब

भिवंडीतली गोष्ट आहे. नावं सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण अशी गोष्ट मालेगावात, मुंब्र्यात, औरंगाबादेत, रत्नागिरीत, कुठेही सापडेल. दोन मित्रांनी मिळून यंत्रमाग घेतले. एकाने बायकोचे दागिने मोडून पैसे टाकले, दुसऱ्याने कारखाना सांभाळायचा. पंधरा वर्षं धंदा चालला. ईदला दोन्ही घरं एकत्र जेवायची. कागद केला नव्हता. कशाला करायचा? भावासारखेच होते.

मग पैसे टाकणारा मित्र अचानक वारला. चाळिसावं झालं, इद्दत संपली आणि त्याच्या बायकोने निरोप पाठवला, आमच्या हिश्श्याचं काय? उत्तर आलं, "भाभी, भाईने आपली रक्कम कधीच काढून घेतली होती. मुलीच्या लग्नाच्या वेळी." ती म्हणाली, "ते मला कधी बोलले नाहीत." तो म्हणाला, "मी खोटं बोलतो का?"

मशिदीच्या जमातचे चार बुजुर्ग बसले. त्यांनी विचारलं, वही आहे का? नव्हती. करार? नव्हता. साक्षीदार? एक होता, तो आता सौदीत. तीन बैठका झाल्या, निकाल लागला नाही. आज त्या दोन घरांत सलामही होत नाही.

या गोष्टीत आम्हाला सर्वांत जास्त बोचतं ते हे की तो मित्र कदाचित खरंच बोलत असेल. पण खरं बोलणाऱ्यालाही ते सिद्ध करता आलं नाही. हिशेब नसला की बेइमान माणूस सुटतो, हे आपल्याला माहीत असतं. त्याच हिशेबाअभावी इमानदार माणूस अडकतो, हे मात्र आपण विसरतो.

लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. कागद मागितला म्हणजे समोरच्यावर शक घेतला. सख्खा भाऊ, मेहुणा, लहानपणीचा दोस्त, यांच्याकडे कागद मागायचा कसा? तोंड कसं उघडायचं?

पण ज्या दीनचं नाव घेऊन आपण विश्वासाच्या गोष्टी करतो, तो दीन काय सांगतो? कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह बकरामधली ती २८२ वी आयत. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. हातोहात रोखीच्या व्यवहाराला न लिहिण्याची सवलत आहे, पण तिथेही साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. हा आदेश ईमानवाल्यांना उद्देशून आहे, चोर-लबाडांना नव्हे. म्हणजे एकमेकांवर भरोसा असलेल्या माणसांनीच लिहायचं आहे.

सूरह साद मध्येही हजरत दाऊद (अलै.) यांच्या किश्श्यात सांगितलं आहे की एकत्र व्यवहार करणाऱ्यांतले बरेच जण एकमेकांवर ज्यादती करतात, अपवाद ईमान राखून चांगलं काम करणाऱ्यांचा, आणि ते थोडेच असतात. भागीदारीत माणूस घसरतो, हे तिथे आधीच सांगून ठेवलं आहे.

अमीन माणसानेही हिशेब दिला

नुबुव्वतच्या आधीची गोष्ट सीरतच्या पुस्तकांत येते. हजरत खदीजा (रजि.) मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत, माल आणि भांडवल देऊन भरवशाच्या माणसाला पाठवत. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे शामच्या सफरीसाठी माल सोपवला. तेव्हा सगळी मक्का त्यांना 'अल-अमीन' म्हणून ओळखत होती. तरीही खदीजा (रजि.) यांचा गुलाम मैसरा सोबत गेला, आणि परत आल्यावर सगळा व्यवहार मालकिणीसमोर ठेवला गेला. अमीन असण्याचा अर्थच तो. हिशेब द्यायला जो कचरत नाही, तो अमीन.

दुसरं उदाहरण इमाम अबू हनीफा यांचं. ते फिकहचे इमाम होतेच, पण कूफ्यात कापडाचे व्यापारीही होते. चरित्रकार सांगतात, त्यांनी भागीदाराकडे माल पाठवला आणि एका कपड्यात दोष आहे, गिऱ्हाईकाला सांगून विक, असं कळवलं. भागीदार सांगायला विसरला, आणि माल कोणी नेला तेही आठवेना. इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली. चूक भागीदाराची होती, पण जबाबदारी त्यांनी आपली मानली. भागीदाराने केलेला व्यवहार हा आपलाच व्यवहार असतो, आणि आजचा कायदाही बरोबर हेच सांगतो.

भागीदारीचे दोन प्रकार

शरीयतमध्ये भागीदारीचे अनेक प्रकार आहेत. रोजच्या धंद्यात दोन महत्त्वाचे.

पहिला मुदारबा. एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, म्हणजे निम्मा-निम्मा किंवा ६०-४०. 'दर महिन्याला दहा हजार' अशी बांधलेली रक्कम चालत नाही. तोटा झाला तर भांडवलवाल्याचे पैसे जातात, मेहनतवाल्याची मेहनत जाते. मात्र मेहनतवाल्याने हलगर्जी केली किंवा ठरलेल्या अटी मोडल्या, तर नुकसान त्याच्या माथी.

दुसरा मुशारका. दोघांचेही पैसे. नफ्याचं प्रमाण आपसात ठरवता येतं, जास्त काम करणाऱ्याला जास्त हिस्सा देता येतो. तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच सोसायचा.

हे बहुतेकांना ढोबळमानाने माहीत असतं. गडबड पुढे होते. आपण मनात मुदारबा धरतो, तोंडाने मुशारका बोलतो, आणि कागद काहीच करत नाही. मग भांडण कोर्टात गेलं की तिथे तिसराच कायदा लागतो.

कागद नसेल तर कायदा काय धरतो?

भारतात भागीदारीला १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागू आहे. तोंडी भागीदारीही या कायद्याला मान्य आहे. पण करारात जे ठरलेलं नाही, ते कायदा आपल्या नियमाने भरून काढतो. ते नियम काय आहेत ते बघा.

नफा-तोटा सगळ्यांचा समान. समजा एकाने ८ लाख टाकले, दुसऱ्याने २ लाख. वर्षाअखेर १ लाखाचा तोटा आला. मुशारकाच्या नियमाने पहिल्याने ८० हजार आणि दुसऱ्याने २० हजार सोसायचे. पण वेगळं काही ठरल्याचा पुरावा नसेल तर कलम १३ प्रमाणे दोघांचे ५०-५० हजार. दोन लाखवाल्याचं एक चतुर्थांश भांडवल एका फटक्यात गेलं.

कामाचा पगार नाही. एक भागीदार पहाटे दुकान उघडतो, रात्री बंद करतो, दुसरा महिन्यातून एकदा येतो. तरी करारात नसेल तर काम करणाऱ्याला वेगळा मेहनताना मागता येत नाही.

आणि सूद. हे वाचून अनेकांना धक्का बसेल. एखाद्या भागीदाराने ठरलेल्या भांडवलापेक्षा जादा रक्कम धंद्यात घातली, तर त्यावर त्याला वर्षाला ६ टक्के व्याज मिळण्याचा हक्क आहे, असं हेच कलम म्हणतं. करारात वेगळं ठरवलं असेल तर हा नियम लागू होत नाही. म्हणजे सूदपासून लांब राहायचं असेल तर तसं लिहूनच ठेवावं लागेल. कागद न केल्याने धंदा जास्त इस्लामी होत नाही, उलट सूदचं कलम आपोआप आत येऊन बसतं.

आता सर्वांत मोठा फरक. मुदारबात पैसेवाल्याची जबाबदारी त्याच्या भांडवलापुरती असते. भागीदारी कायद्यात तसं नाही. कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. दुबईत नोकरी करणाऱ्या माणसाने गावाकडे मेहुण्याच्या धंद्यात भागीदार म्हणून पैसे घातले. मेहुण्याने बाजारात २० लाखांची उधारी केली. सूतवाला व्यापारी दुबईवाल्याच्या घरावर आणि जमिनीवर दावा लावू शकतो. 'मी फक्त पैसे दिले होते' हे त्याला ऐकवून उपयोग नाही. आपसातल्या करारात तोटा कसा वाटायचा ते लिहिता येतं, पण बाहेरच्या घेणेकऱ्याला तो करार बांधत नाही.

यावर वाट आहे. २००८ च्या कायद्याने आलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. तिच्यात भागीदाराची जबाबदारी साधारणपणे त्याने कबूल केलेल्या भांडवलापुरती राहते, फसवणूक केली असेल तर नाही. तिची नोंदणी सक्तीची आहे आणि दरवर्षी हिशेब सरकारकडे भरावा लागतो. खर्च आणि कटकट जास्त, पण लांब राहून पैसे घालणाऱ्याने विचार जरूर करावा. तिथेही लेखी करार नसेल तर समान वाटणीचाच नियम लागतो, हे लक्षात ठेवा.

नोंदणीचं महत्त्व

साध्या भागीदारी फर्मची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून लोक करत नाहीत. पण कलम ६९ वाचलं तर झोप उडेल. नोंदणी नसेल तर भागीदाराला कराराच्या हक्कासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्मलाही बाहेरच्या माणसाकडून कराराचे पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. उलट बाहेरचा माणूस तुमच्यावर दावा लावू शकतो. म्हणजे मारही आपल्याला, आणि तक्रारही करायची नाही.

एक खिडकी उघडी आहे. भागीदारी मोडण्यासाठी, किंवा मोडलेल्या भागीदारीचा हिशेब मागण्यासाठी, नोंदणी नसली तरी दावा लावता येतो. महाराष्ट्रात १९८४ च्या दुरुस्तीने ही खिडकीही बऱ्याच अंशी बंद केली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे आज हा मार्ग आहे. पण मुदत पाळा, कारण मोडलेल्या भागीदारीच्या हिशेबाचा दावा मोडल्याच्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. 'आपसात मिटवू' म्हणत बैठकांवर बैठका करताना तीन वर्षं कधी निघून जातात ते कळतही नाही.

करारात काय लिहायचं?

वकील आणि सीए यांच्याकडून करार करून घ्या. त्यांच्याकडे तयार नमुना असतो, तो डोळे झाकून सही करू नका. आपल्या गोष्टी आपण सांगायच्या. किमान एवढं तरी:

- कोणी किती भांडवल घातलं, रोख की माल, मशीन की जागा. जागा भांडवलात दिली आहे की फक्त वापरायला, हे स्पष्ट लिहा. यावरून घरंच्या घरं कोर्टात गेली आहेत.
- नफ्याचं प्रमाण आणि तोट्याचं प्रमाण, दोन्ही वेगवेगळं.
- काम कोण करणार, त्याला मेहनताना किती.
- दरमहा घरखर्चाला उचल किती, आणि त्यापेक्षा जास्त लागली तर कोणाला विचारायचं.
- बँक खातं कोणाच्या सहीने चालणार. मोठ्या रकमेला दोघांच्या सह्या.
- किती रकमेपुढची उधारी, कर्ज किंवा खरेदी दोघांच्या संमतीशिवाय करायची नाही.
- भांडवलावर किंवा जादा रकमेवर व्याज घ्यायचं-द्यायचं नाही.
- भागीदाराने तोच धंदा वेगळा करायचा की नाही.
- बाहेर पडायचं असेल तर किती महिन्यांची सूचना, आणि हिश्श्याची किंमत कशी ठरवायची.
- भागीदार वारला तर वारसांना काय, किती दिवसांत.
- भांडण झालं तर लवाद कोण.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. आपले बुजुर्ग जमातमध्ये बसून निवाडा करतात, ही चांगली रीत आहे. तिला कायद्याचं बळ हवं असेल तर करारात लवादाचं कलम लेखी घाला. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे नेमलेल्या लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. तोंडी बैठकीला ती ताकद नसते.

वही रोज लिहायची

करार एकदा होतो, हिशेब रोजचा असतो. करार कपाटात ठेवून वही बंद केली तर काही उपयोग नाही.

भांडणं लाखांवरून सुरू होत नाहीत. गल्ल्यातून काढलेल्या पाचशे रुपयांवरून होतात. मुलाची फी भरली, पाहुणे आले, गाडीत पेट्रोल टाकलं, आणि नोंद राहिली. वर्षाने बेरीज जमत नाही आणि मनात किडा शिरतो. म्हणून रोजमेळ रोज संध्याकाळी लिहायचा. स्वतःसाठी काढलेला प्रत्येक रुपया 'उचल' म्हणून आपल्या खात्यावर टाकायचा. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघांनी बसून वही बघायची आणि खाली सह्या करायच्या. एवढी एक सही भिवंडीच्या त्या वहीत असती, तर दोन घरं तुटली नसती. आता तर बँकेचं स्टेटमेंट आणि बिलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर लगेच पाठवता येतो. दुबईतल्या भागीदाराला महिनाभर थांबायचीही गरज नाही.

दुकान सांभाळणाऱ्याने हिशेब मागितल्यावर रागवायचं कारण नाही. कलम ९ प्रमाणे खरा हिशेब आणि पूर्ण माहिती देणं हे प्रत्येक भागीदाराचं कर्तव्य आहे. वही बघण्याचा आणि तिची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. धंद्याच्या नावावर परस्पर कमिशन खाल्लं तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ते फर्मचं धरलं जातं, आणि ते परत करावं लागतं.

'हलाल नफा' म्हणून कोणी आलं तर

एक धोक्याची सूचना. २०१९ च्या जूनमध्ये बंगळुरूतली आयएमए ही कंपनी बुडाली. 'हलाल' गुंतवणूक म्हणून हजारो मुस्लिम कुटुंबांनी तिच्यात पैसे ठेवले होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला. लोकांनी विचारलं ते एवढंच, दर महिन्याला किती मिळणार? धंदा नेमका काय, वही कुठे, हे विचारायचं राहून गेलं.

कसोटी साधी आहे. लाखाला महिना ठरलेली रक्कम कोणी देत असेल, तोटा कधीच होत नाही असं म्हणत असेल आणि हिशेब दाखवत नसेल, तर त्याला मुदारबा म्हणू नका. दाढी, टोपी, मौलानासोबतचा फोटो, यांपैकी काहीही ताळेबंदाची जागा घेऊ शकत नाही.

भागीदार वारल्यावर

आता परत त्या भाभीकडे येऊ. तिला कोणी सांगितलंच नाही की तिचेही हक्क आहेत.

दोघांचीच भागीदारी असेल तर एकाच्या मृत्यूने ती मोडते. हिशेब देण्याचं कलम ९ चं कर्तव्य फक्त भागीदारापुरतं नाही, त्याच्या कायदेशीर वारसांनाही हिशेब द्यावा लागतो. मोडलेल्या फर्मचा हिशेब ठरलेल्या क्रमाने होतो. आधी बाहेरची देणी, मग भागीदाराने दिलेली जादा रक्कम, मग भांडवल, आणि उरलेलं नफ्याच्या प्रमाणात. मागे राहिलेल्याने हिशेब न चुकवता फर्मच्या मालमत्तेवर धंदा तसाच चालू ठेवला, तर वेगळा करार नसल्यास वारसांना कलम ३७ प्रमाणे दोनपैकी एक निवडता येतं. त्यांच्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा, किंवा हिश्श्यावर ६ टक्के व्याज. सूद नको असेल तर नफा मागावा.

शरीयतनेही मयताचा धंद्यातला हिस्सा हा तरका आहे. आधी कर्जफेड, मग वसियत, मग वारसांच्या वाटण्या. बायकोचा हिस्सा आहे, मुलींचाही आहे. मित्राच्या धंद्यात अडकलेला पैसा तोंडी राहिला तर सगळ्यांत आधी या बायका-मुलींचा हक्क बुडतो, कारण दुकानात त्या कधी गेलेल्याच नसतात. म्हणून आमचं सांगणं आहे, भागीदारी कुठे आहे, किती आहे, कागद कुठे ठेवला आहे, हे घरातल्या बाईला माहीत असलंच पाहिजे.

आजच काय करायचं?

धंदा आधीपासून चालू आहे, कागद नाही, आता कसं बोलायचं, असं अनेक जण विचारतात. सुरुवात स्वतःपासून करा. समोरच्याकडे हिशेब मागायच्या आधी आपला द्या. म्हणा, "भाई, उद्या मला काही झालं तर माझ्या पोरांनी तुझ्याशी भांडू नये, म्हणून लिहून ठेवू." यात कोणाचा अपमान नाही. आजची शिल्लक, मालाची किंमत, येणं-देणं, दोघांची उचल, हे एका कागदावर मांडा, दोघांनी आणि दोन साक्षीदारांनी सह्या करा. मग तोच कागद घेऊन वकिलाकडे जा, करार करा आणि फर्मची नोंदणी करा.

दोन भागीदारांपैकी कोणी खयानत करेपर्यंत अल्लाहची बरकत त्यांच्यासोबत राहते, या आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. खयानतची सुरुवात बऱ्याचदा वाईट नियतने होत नाही, न लिहिलेल्या नोंदीने होते. वही तेवढी उघडी ठेवा.